परत करण्याची ग्राह्य रीत

३ फेब्रुवारी

धाकट्या मेहुणीच्या आग्रहावरून आजपासून दैनंदिनी लिहीत आहे. मनातले कुठेतरी ओतून टाकावे, असे तिचे मत आहे. ओतण्याचा मला सराव नाही. सारी नोकरी मी राजशिष्टाचार विभागात केली. कोणत्या पाहुण्याला जिन्याखाली सामोरे जावे, कोणाला दाराशीच अभिवादन करावे आणि कोणाची खुर्ची कोणाच्या उजवीकडे ठेवली असता दोन देशांचे संबंध बिघडणार नाहीत, एवढेच मला कळते. तरी प्रयत्न करतो.

प्रथम व्याख्या. या लेखनात ‘ही’ म्हणजे माझी पत्नी. हिचे नोव्हेंबरात निधन झाले. मेहुणी म्हणजे हिची बहीण. ती पॉलिटेक्निकात संगणक शिकवते, दर रविवारी येते आणि माझ्या फ्रिजमध्ये डोकावून सुस्कारे टाकते.

व्याख्या संपल्या. मनातले अद्याप आलेले नाही.

७ फेब्रुवारी

आज एक चमत्कारिक प्रकार घडला. तो समजण्यासाठी कपाटाची पार्श्वभूमी नोंदवणे आवश्यक आहे. शिडी, ड्रिल, कुबड्या, वजनकाटा, तंबू, लांब नळी अशा ज्या वस्तू प्रत्येक घराला क्वचितच लागतात, पण लागतात तेव्हा तातडीने लागतात, त्या हिने आमच्या मागच्या खोलीतल्या कपाटात जमवल्या आणि इमारतीतल्या सर्वांना वापरायला दिल्या. निवृत्तीनंतर बहिणीकडून शिकून हिने त्यासाठी इंटरनेटवर एक पानही स्वतः लिहिले. कोणी त्यावरच्या वस्तूवर बोट ठेवले की हिच्या फोनवर ‘दंतवैद्य शिडीसाठी येत आहेत’ असा निरोप येई आणि ही चहाचे आधण ठेवी.

हिचा फोन मी अद्याप चालू ठेवला आहे. त्याचे कारण नोंदवण्याचे प्रयोजन दिसत नाही.

आज सकाळी त्या फोनवर निरोप आला, ‘कोणीतरी शिडीसाठी येत आहे.’ पाठोपाठ तसाच दुसरा, मग तिसरा, असे आठ. शिडी एक आणि मागणारे आठ, म्हणजे अग्रक्रमाचा प्रश्न उपस्थित होणार हे उघड होते. मी बैठकीच्या खोलीत आठ खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, मागणीच्या क्रमाने त्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि कोट घातला.

कोणीही आले नाही. दुपारी खुर्च्या उचलून ठेवल्या. कोट काढायचे लक्षात राहिले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणीने उलगडा केला. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर शिडीच्या पानाचा दुवा टाकला होता. दुव्याखाली छोटेसे चित्र दाखवता यावे म्हणून काही फोन ते पान आपले आपणच गुपचूप उघडून पाहतात. पान उघडले म्हणजे मागणी झाली, असे हिने लिहून ठेवलेले. त्यामुळे चित्रासाठी डोकावलेला प्रत्येक फोन शिडी मागणारा ठरला.

मी म्हणालो की, नुसते पाहणाऱ्याला मागणारा समजणे ही गंभीर चूक आहे. एखाद्या राजदूताने मेजवानीच्या दालनात डोकावले, एवढ्यावरून त्याच्यापुढे ताट वाढून ठेवीत नाहीत.

“ताईला मी तेव्हाच सांगितलं होतं,” मेहुणी म्हणाली. “तर म्हणे, शिडीकडे उगाच कोण बघतं? बघितली म्हणजे हवीच असणार. येऊ दे की.”

मग तिने जे सांगितले, त्याने मी थक्क झालो. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक विनंतीच्या कपाळावर तिची रीत लिहिलेली असते. ‘गेट’ म्हणजे केवळ दाखवा, कशालाही हात लावू नका. ‘पोस्ट’ म्हणजे हे घ्या आणि यावर कार्यवाही करा. ‘पुट’ म्हणजे अमुक गोष्ट अमुक स्थितीत ठेवा, आणि ‘डिलीट’ म्हणजे ती काढून टाका. याचे लेखी नियम आहेत आणि ते कित्येक वर्षे सर्वांसाठी खुले आहेत. मात्र हिने संगणकाच्या ज्या भाषेत पान लिहिले, ती भाषा कपाळ वाचतच नाही. आलेली प्रत्येक विनंती ती एकाच पोत्यात टाकते आणि त्यातून काय काढायचे ते लिहिणाऱ्यावर सोडते.

असे दालन मी एकदाच पाहिले होते, आणि तेथे दोन शिष्टमंडळे एकाच सोफ्यावर बसली होती.

१३ फेब्रुवारी

नियम मुळातून वाचत आहे. इतका निर्मळ मजकूर फार दिवसांत वाचनात आला नव्हता.

पोस्ट आणि पुट यांतला भेद प्रथम ध्यानात येईना. मग उदाहरण सुचले. ‘चहा आणा’ असे दोनदा म्हटले तर दोन कप येतात, ते पोस्ट. ‘खिडकी बंद ठेवा’ असे दोनदा म्हटले तरी खिडकी एकदाच बंद होते, ते पुट. ‘ऑप्शन्स’ नावाची एक रीत तर आत येण्याआधी ‘येथे काय काय चालेल?’ एवढेच विचारते. तिच्याविषयी मला विशेष आदर वाटतो.

‘हेड’ ही रीत सकाळी चिरंजीवांच्या फोनमुळे उमगली. तो दुसऱ्या देशात असतो आणि रोज कामावर जाताना मला फोन करतो. “बाबा, ठीक ना?” असे विचारतो, मी “ठीक” म्हणतो आणि तो फोन ठेवतो. हेडचे नेमके हेच काम आहे. पत्ता जागेवर आहे ना, एवढी खात्री ती करून घेते आणि आतला मजकूर मागत नाही. रीत अतिशय काटकसरीची आहे.

१८ फेब्रुवारी

भाषेच्या रचनाकारांना सविस्तर निवेदन पाठवले. मुख्य मागण्या अशा: भाषेने सर्व विनंत्या एका पोत्यात टाकणे बंद करावे. प्रत्येक रीतीला स्वतंत्र दार द्यावे. जे दार लिहिणाऱ्याने उघडलेले नाही, तेथे भाषेने स्वतःच विनम्र नकार द्यावा आणि उघडी दारे कोणती तेही त्याच नकारात सांगावे. ज्याने गेटचे दार उघडले, त्याला हेडसाठी वेगळे कष्ट पडू नयेत. आणि कपाळावरची रीत ओळखता आली नाही, तर अंदाजाने तिला दुसरी रीत समजू नये.

दोन तासांत उत्तर आले. ‘मुद्दा बरोबर. दुरुस्ती लिहून पाठवा, बघू.’ मायना नाही, खाली सही नाही. तरीही ‘बरोबर’ हा शब्द मी दोनदा वाचला.

२२ फेब्रुवारी

सकाळी न्याहारीच्या वेळी हिचा फोन अखंड वाजू लागला. कोणीतरी शिडीसाठी येत आहे, कोणीतरी तंबूसाठी येत आहे, कोणीतरी वजनकाट्यासाठी येत आहे. शोधयंत्राचा एक रोबो पानावर आला होता आणि जगाला माहिती देण्याच्या हेतूने त्याने एकेक वस्तू उघडून पाहिली होती. परिणामी सगळे कपाट ‘कोणीतरी’च्या नावे गेले.

नेमका आजच तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा पाय मुरगळला. त्यांनी कुबड्या मागितल्या, तर पान म्हणाले, कुबड्या कोणीतरी नेल्या आहेत. ते एका पायावर उड्या मारत जिना उतरून आले, तर कुबड्या कपाटात होत्या.

उड्यांचा आवाज ऐकून इमारतीचे सचिवही आले. ते विम्याचे सर्वेक्षक असल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूत भावी अपघात दिसतो. त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले की, हे पान आता चालवणाऱ्याविना पोरके झाले आहे. मार्चअखेरच्या सभेपर्यंत ते सुरळीत झाले नाही, तर कपाट खाली रखवालदाराच्या खोलीत हलवावे आणि त्याला आकड्यांचे कुलूप लावावे.

“म्हणजे कुणाला कुणाच्या दारात जायला नको,” ते म्हणाले. “तुम्हालाही आराम.”

मी पान सुरळीत करण्याचे लेखी आश्वासन दिले. ते गेल्यावर कपाट उघडून पाहिले. सर्व काही हिने ठेवले तसेच आहे. ते खाली नेणे योग्य होणार नाही. त्याची कारणे सभेपूर्वी तयार करावी लागतील. सध्या एकही सुचत नाही.

१ मार्च

नवे पान आजपासून सुरू झाले. वस्तू पाहणे ही गेट. तिने काहीही घडत नाही. मागणे ही पोस्ट. परत करणे ही पुट, कारण शिडी दोनदा परत केली तरी ती एकदाच परत आलेली असते. हा बारकावा मेहुणीलाही सुचला नव्हता. तिने शिकवलेल्या काळ्या पडद्यावरून आज्ञा टंकून मी प्रत्येक रीत तपासली आणि प्रत्येक उत्तर नियमानुसार आले.

हिच्या काळातल्या जुन्या दुव्यांवरून कोणी मागणी केली, तर पुढील नकार जातो: ‘आपली विनंती पोहोचली, तथापि तिची रीत येथे ग्राह्य नाही. ग्राह्य रीती खाली दिल्या आहेत. तसदीबद्दल क्षमस्व.’ शिवणकाम करणाऱ्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आजवर इतक्या चांगल्या भाषेत त्यांना कोणी नाही म्हटले नव्हते. त्यांनी तो नकार नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला म्हणे.

५ मार्च

पूर्ण यश. रोबो दोनदा येऊन गेला आणि काहीही घडले नाही. मागण्या आता थेट पानावर नोंदल्या जातात, त्यामुळे हिचा फोन चार दिवसांत एकदाही वाजला नाही. ज्यांनी वस्तू मागितल्या, त्यांना त्या दाराबाहेर ठेवलेल्या मिळाल्या. दाराची घंटा वाजवण्याची कोणालाही गरज पडली नाही.

शांतता निर्दोष आहे. दुपारी घंटा चालते की नाही, हे स्वतः बाहेर जाऊन पाहिले. चालते.

९ मार्च, रविवार

दंतवैद्य सकाळीच दारात. पाय बरा झाल्यामुळे कुबड्या परत करायच्या होत्या.

“मी परत केलं, परत केलं, असं पाच वेळा दाबलं, साहेब. ते म्हणतं, कुबड्या माझ्याकडेच. आता हे बघा, मी दोन पायांवर उभा आहे की नाही?”

मी पाहिले. ते उभे होते. मी त्यांना आत बोलावले, काळ्या पडद्यावर आज्ञा दिली आणि कुबड्या तत्काळ परत झाल्या. यंत्रात दोष नव्हता. तरीही ते चहा संपेपर्यंत बसले. त्यांच्या मागोमाग शिवणकाम करणाऱ्या बाई वजनकाटा घेऊन आल्या. त्यांचीही तीच तक्रार, आणि त्यांनाही चहा द्यावा लागला, कारण दंतवैद्य पीत होते आणि एकालाच देणे शिष्टाचाराला सोडून झाले असते.

मेहुणी आली तेव्हा दोघेही बसलेलेच होते. ते गेल्यावर तिने माझे पान तपासले, मग भांडी घासायला गेली, सिंकपाशी बराच वेळ उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, “अवघड दुखणं आहे, भावोजी. वेळ लागेल.”

इतकी वर्षे शिकवूनही तिला हे सापडू नये, याचे आश्चर्य वाटले.

१४ मार्च

बिघाड गंभीर रूप धारण करीत आहे. वस्तू नेता येतात, परंतु पानावर परत करता येत नाहीत. बाहेर गेलेली वस्तू पुढच्याला मिळत नाही, म्हणून आणणारा ती हातात घेऊन येतो आणि पुढचाही त्याच वेळी येऊन उभा राहतो. आज शिडीच्या निमित्ताने चौघे जण होते. मी त्यांना आगमनाच्या क्रमाने बसवले.

दंतवैद्य नळी परत करायला आले. त्यांनी ती नेली कशासाठी, हे त्यांना नीट सांगता आले नाही. तिसऱ्या मजल्यावर बाग नाही. बोलता बोलता म्हणाले, “मला भेटणारा प्रत्येक जण स्वतःच्या दाढेबद्दल बोलतो, साहेब. वहिनी एकट्याच माझ्या दाढेची चौकशी करायच्या.” मी त्यांच्या दाढेची चौकशी केली. डावीकडची खालची दुखते आहे. दाखवायला त्यांना वेळ नाही.

साखर संपली. बिघाड त्वरित दूर करणे अगत्याचे आहे.

१९ मार्च

चिरंजीवांचा फोन आला तेव्हा घरात माणसे होती. “बाबा, ठीक ना?” असे त्याने विचारले, मी “ठीक” म्हणालो, पण त्याने फोन ठेवला नाही. मागे कोण हसते आहे, असे विचारू लागला. तंबूचा दांडा दारात आडवा अडकला आहे आणि सचिवांची भाची त्याच्या आतल्या बाजूला राहिली आहे, हे समजावून सांगण्यात त्याला कामावर उशीर झाला.

२३ मार्च, रविवार

कारण सापडले. मी स्वतः शोधले.

पानावर जी बटणे असतात, त्यांना केवळ गेट आणि पोस्ट या दोनच रीती पाठवता येतात. मी बटणाला पुट लिहिले होते. ब्राउझरला पुट कळले नाही, तेव्हा त्याने नकार द्यावा की नाही? तसे न करता त्याने माझ्या पुटला परस्पर गेट करून टाकले. म्हणजे माणसे ‘परत केले’ म्हणत होती आणि यंत्राला ‘नुसते दाखवा’ असे ऐकू येत होते. काळा पडदा पुट जशीच्या तशी पाठवीत असल्यामुळे माझ्या तपासणीत काही दिसले नाही. जे कळत नाही ते सोयीचे समजून घ्यायचे, याहून मोठा अविचार नाही. रचनाकारांना पुरवणी निवेदन पाठवले.

मेहुणी आल्यावर तिला विचारले, हे तुला ठाऊक होते का?

“पहिल्याच दिवशी दिसलं.”

“मग सांगितले का नाहीस?”

“सिंकमध्ये कप होते, भावोजी,” ती म्हणाली. “एकाहून जास्त.”

कपांचा आणि पुटचा संबंध मला लागला नाही. तसे मी बोलून दाखवले. ती म्हणाली की, उपाय एका शब्दाचा आहे; पुटच्या जागी पोस्ट लिहायचे, की कुणाला यायला नको. तो शब्द बदलायचा की नाही, हे मी ठरवावे. आज तिने फ्रिज उघडलासुद्धा नाही.

२५ मार्च

दुरुस्ती तयार आहे. पानावर चढवलेली नाही. चाचण्या बाकी आहेत.

२६ मार्च

चाचण्या झाल्या. उत्तम झाल्या. पुन्हा एकदा करीन.

२८ मार्च

सभा परवा आहे. पान दुरुस्त केले नाही, तर सचिव कपाट खाली नेतील. दुरुस्त केले, तर कपाट येथेच राहील आणि पाच मार्चसारखे दिवस येतील. मी दोन्ही बाजू दोन रकान्यांत मांडून पाहिल्या. रकान्यांची उंची समान आली.

दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाई ड्रिल परत करून गेल्या. जाताना म्हणाल्या, आता पान नीट झाले असेल तर पुढच्या वेळी त्रास देणार नाही. मी म्हणालो, अद्याप झालेले नाही. हे वाक्य खरे होते. तरी कान गरम झाले.

३० मार्च, रविवार

सभेचा वृत्तान्त.

सचिवांनी विचारले की, परत करण्याचा गोंधळ मिटला का. मी उभा राहून निवेदन केले. गोंधळाचे कारण सापडले असून उपायही तयार आहे. तथापि, प्रत्येक पत्त्यावर प्रत्येक रीत चालू देणे बंधनकारक नाही, असे नियमच सांगतात. कोणत्या दाराने काय यावे, हे यजमानाने ठरवायचे असते. त्यास अनुसरून परतीच्या पत्त्यावरचे बटण मी आज सकाळी काढून टाकले आहे. तेथे आता केवळ गेट चालेल, आणि ते केल्यास ‘परत करण्यासाठी कृपया दार वाजवावे’ एवढेच दिसेल. पोस्ट किंवा पुट कोणी पाठवलीच, तर तिला विनम्र नकार मिळेल. वस्तू समक्ष पाहून परतीची नोंद मी स्वतः करीन.

“म्हणजे जी चूक होती, तिचाच नियम केलात,” सचिव म्हणाले.

“चूक माझ्या नकळत झाली होती,” मी म्हणालो. “नियम मी समजून केला आहे.”

“आणि समजा, तुम्ही घरी नसलात?”

मी घरी असेन, असे सांगितले.

दंतवैद्य म्हणाले, वस्तू समक्ष तपासली जाते हे विम्याच्या दृष्टीनेही बरे. सचिवांना हा मुद्दा पटल्यासारखा दिसला. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, रखवालदाराच्या खोलीत बसायला खुर्ची कुठे आहे. मग मतदान झाले. कपाट आहे तेथेच राहील. मेहुणी सभासद नसतानाही मागे उभी होती आणि तिने हात वर केला होता. तिचे मत मोजू नये, असे मी सचिवांच्या निदर्शनास आणून दिले.

३ एप्रिल

रचनाकारांनी कळवले की, भाषेच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक रीतीला वेगळे दार मिळेल. या वेळी ‘आपला’ असे लिहून खाली सही होती. हिने लिहिलेले पान त्या आवृत्तीत चालणार नाही. मी ते काढून टाकलेले नाही, वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवले आहे. रोबो आला आणि हिचा फोन वाजला, तर वाजो.

संध्याकाळी दंतवैद्य एक छत्री परत करायला आले. मी कपाट पाहिले, पान पाहिले. आपल्याकडे छत्री कधीच नव्हती. असलेली वस्तू चुकीच्या रीतीने परत आली, तर काय करावे याची तरतूद मी केली आहे. नसलेली वस्तू परत आली, तर ती सापडत नाही एवढेच उत्तर नियमाप्रमाणे देता येते. मी त्यांना सांगितले की, ही छत्री आमची नाही. ते म्हणाले, “हो का?” आणि नेहमीच्या खुर्चीत बसले.

मी चहा केला. दाढेची चौकशी केली. दात उपटणाऱ्याकडे अजून गेलो नाही, असे ते म्हणाले. स्वतःच्या धंद्याविषयी त्यांचे मत फारसे चांगले नाही.

छत्री मी ठेवून घेतली. पानावर तिची नोंद केली आहे. ती त्यांची आहे, तेव्हा पाऊस आला की न्यायला त्यांना यावे लागेल, आणि नंतर परत करायलाही.